आज्जीच्या देवघरातला पिस्टन कुठल्या गाडीचा? (जुन्या ट्रकांच्या, इंजिनांच्या आठवणी)

बाळ्याचा_नातू
नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर बाळ्याला, खंडोबाच्या देवळापासून दोन गल्ल्या सोडून. आजोबांची एक ट्रक होती, नाकवाली, पुढं बोनेट असलेली. सोलापूर-हैदराबाद ज्वारी, सरकी, कधी चादरींचे गठ्ठे असं काय मिळेल ते भाडं. बहात्तरच्या दुष्काळानंतर गाडी विकली. फोटो एकही नाही, कागद नाहीत. राहिलाय फक्त एक पिस्टन. आज्जीनं तो देवघरात उलटा ठेवलेला, त्याच्या आत उदबत्त्यांचा पुडा. आज्जी गेली, पिस्टन अजून तिथंच आहे आणि दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं.
वडील म्हणायचे गाडी बेंझ होती. काका म्हणतात लेलँड. दोघांनी यावरून आयुष्यभर वाद घातला. आता वडीलही नाहीत. मला खरंच जाणून घ्यायचंय हा पिस्टन कुठल्या इंजिनातला. आणि तुमच्यापैकी ज्यांनी त्या गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या, नुसत्या ऐकल्या असतील त्यांनी लिहा की.

भैय्या_चौक
फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हंजे शेंगाचटणीशिवाय भाकरी.

टॉमी_जॅक
मी ८१ साली किन्नर (गाडीवरचा क्लीनर) म्हणून लागलो, ८६ ला लायसन, गेल्या वर्षी गाडी सोडली. बोनेटवाल्या गाड्या माझ्या सुरवातीला रस्त्यावर होत्याच, पण म्हाताऱ्या झालेल्या.
आवाजाचं विचारशील तर रात्री तुळजापूरच्या घाटाखाली ढाब्यावर बाजंवर पडल्या पडल्या आम्ही सांगायचो कोण चढतंय. टाटाचा आवाज वरच्या सुरातला, गियर पडला की किंचाळल्यागत व्हायचा. लेलँड खालच्या सुरात, घशातनं बोलल्यासारखी, घाटात सुद्धा घाई नाही तिला. आणि लोड किती हाय ते सुद्धा कळायचं, दुसऱ्यावरनं पहिल्यात टाकताना मधी किती वेळ जातोय त्यावरनं. डबल क्लच मारायला लागायचा ना. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलेटर द्या, परत क्लच दाबा मग गियर घाला. ॲक्सिलेटर कमी पडला की दातावर दात घासून असा आवाज यायचा की ढाब्यावरचे सगळे एकदम म्हणायचे, नवा हाय बे!
माझ्या उस्तादानी पहिले सहा महिने मला गियरला हातच लावू दिला नाही. नुसतं ऐक म्हणायचा.

एन्नोरचा_पाईक
लेलँडचं नाव निघालं म्हणून लिहितोय. बऱ्याच जणांना वाटतं कंपनी पहिल्यापासून ट्रकच बनवत होती. १९४८ ला अशोक मोटर्स निघाली ती ऑस्टिन ए-४० मोटारी जुळवायला, मद्रासजवळ एन्नोरला. मग इंग्लंडच्या लेलँडशी करार झाला आणि १९५५ ला नाव अशोक लेलँड. कॉमेट ही तिथली खरी कष्टकरी गाडी. तिच्यावरचे ३५०, ३७०, ४०० हे आकडे म्हणजे इंजिनाचं माप, क्यूबिक इंचात. ३७० म्हणजे साधारण सहा लिटर. मोठ्या हिप्पो, बीव्हरमध्ये ६८० यायचं, ते ११ लिटरच्या वर.
माझ्या मामाकडं कॉमेट होती. त्याचं एकच म्हणणं, लेलँड माल मोजत नाही. तुमच्या काकांचं खरं असावं असं मला मनापासून वाटतंय.

सहा_सत्त्याण्णव
मामांचा मान राखून सांगतो, सोलापूर जिल्ह्यात ऊस कुणी ओढला? टाटानं. बाराशे दहा नसती तर निम्मा ऊस शेतातच वाळला असता.
आकड्यांचं निघालंय तर टाटाचंही सांगतो, यात लोक फार गोंधळ करतात. गाडीचा आकडा वेगळा, इंजिनाचा वेगळा. १२१० मधले १२ म्हणजे मालासकट एकूण वजन टनात, पुढचे १० म्हणजे शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० च्या आसपास. इंजिनाचं नाव मात्र ६९२ आणि ६९७. सहा सिलिंडर आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९२ मिमी, किंवा सहा सिलिंडर आणि बोअर ९७. आडनावातच गाव असल्यासारखं. ६९२ पावणेपाच लिटरचं, ६९७ पाच पॉइंट सात.
टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ चा, त्याच वर्षी जमशेदपूरला पहिली गाडी बाहेर पडली. पंधरा वर्षं चालला करार, १९६९ ला संपला. त्याआधीच्या गाड्यांच्या नाकावर बेंझचा तीन टोकांचा तारा, म्हणून आपल्याकडं आजही म्हातारी माणसं टाटाला बेंझ म्हणतात. धागाकर्त्यांचे वडील म्हणूनच बेंझ म्हणत असतील. पहिली गाडी एल-३१२, इंजिन ओएम ३१२, बोअर ९० मिमी, साडेचार लिटरच्या वर.

टॉमी_जॅक
ऊस ओढला हे खरं. पण चढाला ऊस घेऊन टाटा थांबली की मागं दगड लावायला किन्नर पळायचा, तो किन्नर मी होतो. लेलँड थांबायचीच न्हाई. दोन्ही चालवल्यात म्हणून सांगतो. मात्र एक हाय, टाटा कुठंबी बंद पडू दे, उमरग्याला, नळदुर्गला, झाडाखाली एखादा मिस्त्री असायचाच आणि त्याच्याकडं सामान असायचंच. लेलँडच्या सामानाला कधी कधी सोलापूरला माणूस पाठवायला लागायचा आणि तोवर आम्ही गाडीखाली झोपायचो.

साचेपेठ
मी गाडी चालवलेली नाही पण आमचं घर ट्रकवरच चाललं. आम्ही पद्मशाली, घरात हातमाग मग पॉवरलूम. वडील चादरींचे गठ्ठे बांधून ट्रान्सपोर्टला पोचवायचे, हातगाडीवर, मी मागून ढकलायला. गठ्ठ्यावर काळ्या शाईनं मार्का मारायचा, तो वाळला नाही तर दुसऱ्या गठ्ठ्याला लागायचा म्हणून वडील फुंकर मारत उभे राहायचे. हमाल गठ्ठे हौद्यात लावायचे, वर ताडपत्री, त्यावर दोर आणि शेवटी फाळका लावायचा. त्या फाळक्याच्या साखळीचा आवाज झाला की वडील हात जोडायचे. गाडीला की देवाला मी कधी विचारलं नाही. पैसे माल पोचल्यावर यायचे, म्हणजे आमचं पुढच्या महिन्याचं जेवण त्या ड्रायव्हरच्या हातात असायचं.
धागाकर्त्यांच्या आजोबांनी आमचे गठ्ठे सुद्धा नेले असतील. हे वाचून काय वाटलं ते सांगता येत नाही.

बाळ्याचा_नातू
@साचेपेठ अण्णा, अंगावर काटा आला. नेले असतील हो, नक्की नेले असतील.

गॅरेजवाली_लेक
माझ्या वडिलांचं विजापूर रोडला गॅरेज होतं, मी स्वतः मेकॅनिकलची, पण खरं शिक्षण त्या गॅरेजात झालं. पिस्टन हातात असताना आपण आवाजावरून का ओळखतोय? मोजा ना.
आधी वरचा चेहरा बघा. त्यात खोलगट वाटी आहे का? वाटी असेल तर डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारलं जातं. ६९७ तसं, लेलँडची इंजिनं तशी. पिस्टन वर सपाट असेल तर डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं आणि जाळ खाली येतो. जुन्या बेंझ ३१२ ला तसं होतं, म्हणून सकाळी स्टार्ट करायच्या आधी हीटर प्लग तापवायला लागायचे. थंडीत वडील तोंडानं वीस आकडे मोजायचे, मी पण मोजायचे, मग सेल्फ.
मग व्यास. पण वर मोजू नका, पिस्टन वरच्या बाजूला मुद्दाम बारीक केलेला असतो कारण तिथं तापून फुगतो. खालच्या घेरावर, पिनच्या भोकांना आडवं मोजायचं. व्हर्नियर आणा, टेप नको.

हौदा_फुल
ताई एक नंबर माहिती. आमच्या मिस्त्रीला विचारलं की तो सांगायचा, पिस्टन हाय, घाल.

केबिनमधला_पंखा
इंजिनाचं चाललंय तर केबिनचं पण लिहितो. बोनेट गेली आणि समोरून सपाट गाड्या आल्या तेव्हा इंजिन केबिनमध्ये आलं, ड्रायव्हर आणि किन्नरच्या मध्ये. उन्हाळ्यात सोलापूर ४३-४४ डिग्री, आणि बाजूला सहा सिलिंडरची शेगडी. वडिलांच्या डाव्या मांडीची कातडी कायम काळवंडलेली असायची. त्यांना डाव्या कानानं शेवटी ऐकू येत नव्हतं, आम्ही उजव्या बाजूनं बोलायचो.
पण त्याच झाकणावर ते कडक भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळी आईनं दिलेली भाकरी दुपारी झहिराबादला गरम. कुरकुरीत व्हायची. मला एकदा सुट्टीत नेलं होतं तेव्हा ती भाकरी, शेंगाचटणी आणि वर कांदा बुक्कीनं फोडून. तशी चव परत मिळाली नाही.

भैय्या_चौक
त्या भाकरीला डिझेलचा वास यायचा का नाही खरं सांगा.

केबिनमधला_पंखा
यायचा. म्हणूनच तशी चव परत मिळाली नाही.

पंपवाला_मिस्त्री
मी पंप-नोझलचा माणूस. पन्नास वर्षं झाली या कामाला, आता मुलगा बघतो. एक गोष्ट लिहून ठेवतो कारण आता ही कुणाला ठाऊक नाही.
जुन्या काही इंजिनांच्या पंपाला हवेचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणारा भाग, असायचा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं पंपामागचा एक पडदा खेचला जातो आणि पडदा रॅकला बांधलेला, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते हा पडदा ठरवणार. पडदा चामड्याचा. तो तेल चोळून मऊ ठेवायला लागायचा, वाळला की कडक, कडक झाला की फाटणार. आणि फाटला की ओढ संपली, पंप डिझेल पूर्ण सोडतो आणि इंजिन पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, डिझेलला चावीचं काय.
माझ्या उमेदवारीतली गोष्ट. एक नाकवाली गाडी गॅरेजच्या दारात उभी, ड्रायव्हरनं स्टार्ट केली आणि एकदम आवाज वर वर वर जायला लागला. सगळे बाहेर पळाले. धूर इतका की रस्त्यापलीकडचं दिसेना. आमचे उस्ताद आत गेले, अंगातला सदरा काढला, गोळा केला आणि हवेच्या तोंडात कोंबला. निम्मा सदरा इंजिनानं ओढून घेतला, मग गुदमरून बंद पडलं. नंतर पडदा काढून बघितला तर बोटाच्या नखाएवढी चीर. एवढीशीच.
उस्तादांनी मला चप्पल शिवणाऱ्याकडं पाठवलं, बकऱ्याचं पातळ चामडं आणायला. कातरून, तेलात रात्रभर भिजवून, सकाळी बसवलं. ती गाडी त्या पडद्यावर बंगलोरला जाऊन आली, तिथून मायको कंपनीचा नवा पडदा घेऊनच आली. तेव्हापासून मी एकही पडदा बोटानं दाबून बघितल्याशिवाय पंप बाहेर दिला नाही.

सहा_सत्त्याण्णव
मिस्त्री काका दंडवत. पण सदरा का, गियरमध्ये टाकून क्लच सोडला असता तर बंद पडली नसती?

पंपवाला_मिस्त्री
पडली असती. वरच्या गियरात, ब्रेक दाबून. पण समोर चहाची टपरी होती आणि टपरीत माणसं. उस्तादांनी ते आधी बघितलं.

जवान_ते_किसान
मिलिटरीतून निवृत्त, आता अक्कलकोट तालुक्यात शेती. तुम्ही टाटा-लेलँडच्या भांडणात शक्तिमानला विसरलात. जबलपूरच्या कारखान्यात बनायची, जर्मनीच्या मान (MAN) कंपनीचं लायसन. तिच्या पिस्टनमध्ये गोल चेंडूसारखा खड्डा, डिझेल त्याच्या भिंतीवर पसरायचं आणि तिथून हळूहळू पेटायचं. म्हणून आवाज मऊ. आम्ही वाळवंटात, बर्फात, नदीच्या पात्रात चालवली. गाडीखाली झोपलोय, गाडीवर जेवलोय. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना सॅल्यूट करून झाल्यावर मी परत गाड्यांच्या पार्कमध्ये जाऊन तिच्या बोनेटवर हात ठेवून आलो.

हौदा_फुल
फौजी काका, _/\_

बाळ्याचा_नातू
मंडळी, चार दिवस गायब होतो कारण देवघरातून पिस्टन उचलायला आईची परवानगी लागली. तिनं आधी नमस्कार केला मग दिला. आत उदबत्तीची राख बोटभर.
वर सपाट आहे, वाटी अजिबात नाही. भाच्याचा व्हर्नियर आणला, गॅरेजवाली ताईंनी सांगितलं तसं खाली, पिनच्या भोकांना आडवं, चार वेळा मोजलं. ८९.४ मिमी.

सहा_सत्त्याण्णव
झालं की! ९० मिमी बोअर, वरती सपाट, ओएम ३१२. वडिलांचं बरोबर होतं. बेंझ!

एन्नोरचा_पाईक
वाटी नाही म्हटल्यावर कॉमेट नाही. मान्य. काकांना माझा नमस्कार सांगा.

गॅरेजवाली_लेक
थांबा. ९० च्या सिलिंडरमध्ये पिस्टन ८९.८-८९.९ चा असतो. मोजला ८९.४, म्हणजे जवळजवळ अर्धा मिमी झिजला? इतका ढिला पिस्टन सिलिंडरमध्ये घंटेसारखा वाजेल. मला पटत नाहीये.
दादा, वरच्या चेहऱ्यावर काजळी असेल. रॉकेलनं पुसा, घासू नका, पॉलिशपेपर तर अजिबात नको. काही आकडा ठोकलाय का बघा. झिजलेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, मोठा पिस्टन घातला असेल तर किती मोठा ते वर लिहिलेलं असतं.

बाळ्याचा_नातू
ताई, रॉकेल मिळेना, डिझेलनं पुसलं. जुन्या बनियनचं फडकं घेऊन तासभर. एका कडेला बाणासारखं काहीतरी आहे आणि त्याच्या बाजूला आकडे. बॅटरी तिरकी धरली तेव्हा दिसलं. शून्य तीन शून्य. ०३०.

गॅरेजवाली_लेक
आता ऐका. जर्मन इंजिनात जादा माप मिलिमीटरमध्ये असतं, ०.५०, १.०० असं. ०३० म्हणजे तीस थाऊ; एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे इंजिन इंचातलं, इंग्रजी घराण्यातलं. तीस थाऊ म्हणजे ०.७६ मिमी. तुमच्या मापात सिलिंडर-पिस्टनमधली फट आणि थोडी झीज धरली आणि ते ०.७६ वजा केलं तर मूळ बोअर येतो ८८.९ च्या जवळ. ८८.९ म्हणजे बरोबर साडेतीन इंच.
साडेतीन इंच बोअर, पाच इंच स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), सहा सिलिंडर, पिस्टनला वाटी नाही. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-६ इंजिन. दादा, ना बेंझ, ना लेलँड.

पंपवाला_मिस्त्री
शाब्बास पोरी. पी-६ च. मद्रासला सिम्पसन बनवायची. तेव्हा पेट्रोलच्या गाड्या मालकाला परवडेनात म्हणून डॉज, फार्गो, बेडफर्ड यांचं पेट्रोल इंजिन उतरवून पर्किन्स चढवायची पद्धतच होती. मी स्वतः चढवलीत. आवाज सांगू? पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, पण एकसारखा. आणि पिस्टन तीस थाऊ म्हणजे तुझ्या आजोबांनी तिचं एकदा पूर्ण काम केलं होतं. बोअरिंगला खर्च आला असणार. हा पिस्टन त्यानंतरचा.

बाळ्याचा_नातू
माझ्याकडं शब्द नाहीत. काल बार्शीला आत्याला फोन केला, ती ८४ वर्षांची आहे. काही न सांगता विचारलं, आत्या, आपल्या गाडीला काय म्हणायचे? म्हणाली, फरगू. आम्हाला वाटायचं अण्णांनी (म्हणजे आजोबांनी) लाडानं नाव ठेवलंय, म्हशीचं ठेवतात तसं.

साचेपेठ
फार्गो!!

एन्नोरचा_पाईक
आणि फार्गो कुणाची, माहितीय का? प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ला. अमेरिकेच्या क्रायसलरच्या लायसनवर डॉज, डिसोटो, फार्गो तिथं जुळवायचे. १९४४ ला ती कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी. आणि वालचंदशेठ जन्मले १८८२ ला, आपल्या सोलापुरात. म्हणजे तुमच्या आजोबांच्या दारात सोलापूरच्या माणसाची गाडी उभी होती. मी लेलँडचा माणूस आहे पण आज फार्गोसाठी उभा राहून टाळ्या वाजवतोय.

सहा_सत्त्याण्णव
माझ्याही टाळ्या. बाळ्याला गाडी उभी असायची ती जागा अजून आहे का हो?

बाळ्याचा_नातू
आहे. तिथं आता चिंचेचं झाड आहे, डिझेल सांडलेल्या मातीत काही उगवत नाही म्हणायचे पण चिंच आली.

टॉमी_जॅक
नातवा, एक विचारायचं राहिलं. गाडी आधी पेट्रोलची फार्गो म्हंजे तिला पुढनं फिरवायचं हँडल असणारच. पर्किन्स चढवल्यावर हातानं स्टार्ट व्हायची न्हाई ती, पण टॅपेट सेट करताना इंजिन फिरवायला हँडल लागायचंच, मालक ते जपून ठेवायचे, गाडी विकताना सुद्धा पुष्कळदा घरीच राहायचं. हातभर लांब सळई, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली, एका टोकाला आडवी पिन. घरात बघ.

बाळ्याचा_नातू
काका, बघायला लागलंच नाही. वाड्याच्या मागच्या दाराला रात्री आतून जी सळई अडकवतो ती दोन ठिकाणी वाकलेली आहे. लहानपणापासून रोज मीच लावायचो. आत्ता उठून बघून आलो. टोकाला पिन आहे.